‘सगळ्या औषधांना रेझिस्टंट’ असा कल्चर रिपोर्ट आला, म्हणजे आयसीयूत नेमकं काय झालं?

प्रश्न डोंबिवलीहून एका मुलाने विचारला आहे. वडील ६४ वर्षांचे, राजापूरजवळच्या गावात शेती. लावणीच्या दिवसांत ताप आला. तीन-चार दिवस गावातच इंजेक्शनं-गोळ्या झाल्या. मग डोळे पिवळे दिसायला लागले, लघवी कमी झाली, धाप लागली, तेव्हा रत्नागिरीला आणलं. लेप्टो, म्हणजे पावसाळी चिखलपाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस निघाला, व्हेंटिलेटर लावावा लागला. सहाव्या दिवशी जरा सुधारले होते, नवव्या दिवशी पुन्हा ताप चढला आणि ऑक्सिजन खाली आला. छातीतल्या स्रावाच्या आणि रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या चाचणीत, क्लेबसिएला न्यूमोनी नावाचा जंतू उगवला, जवळजवळ सगळ्या औषधांपुढे ‘आर’, म्हणजे रेझिस्टंट, दाद न देणारा. डॉक्टर म्हणाले, आता कोलिस्टिन सुरू करतोय. मुलाचे प्रश्न असे: हा जंतू हॉस्पिटलातच लागला ना? पहिल्याच दिवशी ‘हायर’ अँटिबायोटिक दिलं असतं तर टळलं असतं का? कोलिस्टिनने किडनी जाते म्हणतात, मग ते द्यायचं का? मुंबईला हलवू का? आणि आई रोज ग्रामदेवतेचा अंगारा घेऊन आयसीयूच्या दाराशी बसते, सिस्टर आत सोडत नाहीत, हे बरोबर आहे का?

गेली २२ वर्षं मी कोकणातल्या आयसीयूंमध्ये काम करते आहे. हे प्रश्न मला दर पावसाळ्यात कुणी ना कुणी विचारतं, बहुतेक वेळा कॉरिडॉरमध्ये, रात्री. तिथे उभ्याउभ्या नीट उत्तर देता येत नाही. इथे देते.

आधी पहिला प्रश्न. दाखल होऊन ४८ तास उलटल्यावर जो संसर्ग सुरू होतो त्याला आम्ही रुग्णालयातला संसर्ग म्हणतो. वडिलांचा ताप नवव्या दिवशीचा, तेव्हा व्याख्येप्रमाणे उत्तर ‘हो’ आहे, आणि कुणी डॉक्टर ते नाकारत असेल तर त्याने नाकारू नये. पण ‘हॉस्पिटलात लागला’ या दोन शब्दांत दोन वेगवेगळ्या गोष्टी मावतात. एक, तो जंतू शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाकडून कुणाच्या तरी हातावरून वडिलांपर्यंत आला. दुसरी, तो वडिलांच्याच आतड्यात आधीपासून थोडाथोडका होता, आणि औषधांनी बाकीचे जंतू मेल्यावर त्याला रान मोकळं मिळालं. आपल्याकडे धडधाकट, कधी हॉस्पिटलची पायरी न चढलेल्या माणसांच्या आतड्यातही सेफिक्सिम-सेफट्रायॅक्सोन या नेहमीच्या अँटिबायोटिकांना दाद न देणारे जंतू सर्रास सापडतात. मेरोपेनेम या गंभीर संसर्गासाठीच्या अँटिबायोटिकलाही दाद न देणारे घेऊन घरून येणारे त्या मानाने कमी, म्हणून तुमच्या वडिलांच्या बाबतीत पहिल्या शक्यतेकडे माझा कल जास्त आहे. तरी एकाच रुग्णाकडे बघून छातीठोक सांगता येत नाही. त्यासाठी शेजारच्या रुग्णाचा जंतू आणि वडिलांचा जंतू यांची जनुकं जुळवून बघावी लागतात, आणि ती सोय जिल्ह्याच्या ठिकाणी नसते.

हातावरून म्हणजे कसं, ते मला एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघावं लागलं, त्याशिवाय मलाही ते पुरतं पटलं नव्हतं. काही वर्षांपूर्वी मी ज्या युनिटमध्ये होते तिथे तीन आठवड्यांत चार जणांना एकच क्लेबसिएला झाला. आमच्या मायक्रोबायोलॉजिस्ट बाई एका सकाळी जंतू वाढवायच्या, मॅकाँकी अगारच्या काचेच्या बशा घेऊन आल्या आणि राउंड संपल्यावर, कुणालाही आधी न सांगता, प्रत्येकाला म्हणाल्या, बोटं टेकवा. सिस्टरनी टेकवली, वॉर्डबॉयने टेकवली, मीही टेकवली. मी त्या राउंडमध्ये दोन रुग्णांमध्ये हात चोळले होते, तिसऱ्याच्या वेळी फोन आला म्हणून राहून गेले. दुसऱ्या दिवशी माझ्या बशीवर माझ्या चार बोटांच्या जागी गुलाबी, ओल्या, फुगीर ठिपक्यांचे चार पुंजके होते. बाईंनी तारेचं टोक त्यातल्या एका ठिपक्याला टेकवून वर उचललं, तर पाकाची निघते तशी तार निघाली. ‘हा तुमचा क्लेबसिएला,’ त्या म्हणाल्या. मी तेव्हा त्या युनिटची प्रमुख होते. ती बशी मी अजून विसरलेले नाही, आणि तेव्हापासून राउंडच्या वेळी माझा फोन बाहेर टेबलावर असतो.

यात कुणाचा दुष्टपणा नसतो. साधा हिशेब करून बघा. रात्रपाळीला एका सिस्टरकडे चार गंभीर रुग्ण आहेत. प्रत्येकाला तासात पाच वेळा हात लावावा लागला: सक्शन, कूस बदलणं, औषध, पंपाचं बटण, लघवीची पिशवी. म्हणजे वीस वेळा. दर वेळी आधी आणि नंतर सॅनिटायझर, दर वेळी नीट चोळायला २० ते ३० सेकंद. तासातली सोळा-सतरा मिनिटं नुसती हात चोळण्यात गेली. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णामागे एक नर्स असावी असं आम्ही पुस्तकात शिकलो, ते याचसाठी. एका सिस्टरकडे चार रुग्ण दिलेत की तिचे हात कधीतरी चुकणारच, आणि तो दोष एकटीवर टाकणं मला अन्यायाचं वाटतं. नातेवाइकांनी भांडायचंच असेल तर नर्सांच्या संख्येसाठी व्यवस्थापनाशी भांडावं.

हाताखेरीज दुसरी वाट वस्तूंची. असिनेटोबॅक्टर नावाचा आयसीयूतला असाच हट्टी दुसरा जंतू कोरड्या पृष्ठभागावरही कित्येक दिवस, कधी आठवडेच्या आठवडे जिवंत राहतो. खाटेचा कठडा, मॉनिटरचं बटण, रक्तदाबाचा पट्टा. आणि ओली जागा म्हणजे सिंक. आयसीयूतल्या सिंकच्या जाळीखाली जंतूंचा बुळबुळीत थर साचतो, नळ जोरात सोडला की तिथून शिंतोडे उडतात. अशा सिंकमध्ये उरलेल्या सलाइनी, उरलेली अँटिबायोटिकं ओतली की त्या जंतूंना आपणच तालीम देतो. ही सवय आपल्याकडे फार आहे. मी सिंकच्या आजूबाजूला एक मीटरपर्यंत औषधं तयार करायची ट्रॉली ठेवू देत नाही.

आता दुसरा प्रश्न, आणि मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते इथेच. ‘हायर अँटिबायोटिक’ हा शब्द आपण सगळे वापरतो, डॉक्टरही वापरतात. तो शब्दच मुळात घात करतो. ऐकणाऱ्याला वाटतं की औषधांची एक शिडी आहे, खालच्या पायरीवर गरिबांची स्वस्त औषधं, वरच्या पायरीवर महागडी आणि जास्त ताकदीची, आणि डॉक्टर पहिल्यांदा खालचं देऊन वेळ घालवतात. अशी शिडी नाही. प्रत्येक औषधाचं स्वतःचं गिऱ्हाईक ठरलेलं असतं. लेप्टोला पेनिसिलिन, डॉक्सिसायक्लिन, सेफट्रायॅक्सोन यांपैकी काहीही चालतं, आणि आजही चांगलं चालतं. कोकणात पावसाळ्यानंतर जो स्क्रब टायफस, म्हणजे बारीक किड्याच्या चाव्याने होणारा ताप दिसतो, त्याला डॉक्सिसायक्लिनची काही रुपयांची गोळी लागू पडते आणि हजारो रुपयांचं मेरोपेनेम त्याला शिवतसुद्धा नाही, कारण मेरोपेनेम ज्या भिंतीवर घाव घालतं तशी भिंतच त्या जंतूला जवळपास नसते. दोडामार्ग-बांदा भागात काजूच्या बागेतून, रानातून येणारा माकडताप तर विषाणूचा. त्याला कोणतंच अँटिबायोटिक नाही. म्हणजे तुमच्या वडिलांना पहिल्या दिवशी मेरोपेनेम दिलं असतं, तर लेप्टोवर त्याचा वेगळा उपयोग झाला नसता. झालं असतं ते इतकंच, की आतड्यातले मेरोपेनेमने मरणारे सगळे जंतू मेले असते आणि न मरणारे एक-दोन तेवढे उरले असते. नवव्या दिवसाऐवजी हा रिपोर्ट कदाचित सहाव्या दिवशी आला असता.

गावात झालेल्या त्या तीन-चार दिवसांबद्दलही बोलायला हवं, कुणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं न करता. तापाला एक इंजेक्शन, दुसऱ्या दिवशी गोळ्या बदलल्या, तिसऱ्या दिवशी अजून वेगळं. लावणीच्या दिवसांत माणूस घरी बसू शकत नाही, त्याला उद्या चिखलात उभं राहायचं असतं, म्हणून तोच म्हणतो, ‘डॉक्टर, कडक काहीतरी द्या.’ १ मार्च २०१४ पासून ‘एच-१’ यादीतली औषधं, त्यात तिसऱ्या पिढीची सेफालोस्पोरिनं आणि मेरोपेनेमसारखी कार्बापेनेम आली, चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. दुकानदाराने वेगळी वही ठेवून रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव लिहायचं, आणि ती तीन वर्षं जपायची, असा नियम आहे. नियम चांगला आहे. पण चिठ्ठी देणाऱ्याच्याच हाताला घाई असेल तर वही काय करणार? पावसाळी तापात कोकणातल्या डॉक्टरने लेप्टो आणि स्क्रब दोन्ही डोक्यात ठेवून सुरुवातीलाच डॉक्सिसायक्लिन दिलं, तर पुष्कळ माणसं आयसीयूपर्यंत येणारच नाहीत, असं माझं इतक्या वर्षांचं मत आहे. आयसीयूत न येणं हा या जंतूपासून वाचण्याचा सगळ्यात खात्रीचा मार्ग.

जंतू दाद का देत नाहीत, त्याचं एक कारण थोडक्यात सांगते, कारण पुढे औषध निवडताना ते लागणार आहे. मेरोपेनेमच्या रेणूत एक कडी असते, तीच जंतूची भिंत बांधणाऱ्या यंत्रणेत जाऊन अडकते. हे जंतू कात्रीसारखं एक विकर (एन्झाइम) तयार करतात आणि ती कडीच तोडून टाकतात. अशा कात्र्या पुष्कळ तऱ्हांच्या आहेत. आपल्याकडे जास्त सापडणारी म्हणजे एनडीएम. २००८ साली स्वीडनमध्ये एका रुग्णात ती पहिल्यांदा सापडली, तो त्याआधी नवी दिल्लीत उपचार घेऊन गेला होता, म्हणून नाव ‘न्यू डेल्ही’वरून पडलं आणि २०१० मध्ये त्या नावावरून आपल्याकडे मोठा वाद झाला. नावाचं दुःख मी समजू शकते, पण कात्री खरी आहे. ती बनवायची कृती डीएनएच्या एका छोट्या सुट्या कड्यावर लिहिलेली असते, आणि हे कडं एक जंतू दुसऱ्याला देतो, तेही जात वेगळी असली तरी. क्लेबसिएलाकडून ई-कोलाय या दुसऱ्या जंतूकडे, शेजाऱ्याने शेजाऱ्याला विरजण द्यावं तसं. बाकीच्या औषधांविरुद्धच्या कृतीही त्याच कड्यावर असतात, म्हणून रिपोर्टवर एकदम सगळीकडे ‘आर’ दिसतं.

रिपोर्टकडेच येऊ. पहिली गोष्ट, व्हेंटिलेटरच्या नळीतून काढलेल्या स्रावात जंतू उगवला म्हणजे न्यूमोनिया झालाच असं नसतं. नळी घातली की काही दिवसांत तिथे जंतू येऊन बसतातच. ताप नाही, एक्स-रे बदललेला नाही, ऑक्सिजन तेवढाच आहे, आणि नुसता रिपोर्ट वाईट आलाय, तर मी अँटिबायोटिक सुरू करत नाही. रिपोर्टवर उपचार करायचे नसतात, समोरच्या माणसावर करायचे. पण तुमच्या वडिलांना ताप आहे, ऑक्सिजन घसरला आहे आणि रक्तातही तोच जंतू आहे. हा खरा संसर्ग आहे आणि उपचार हवेतच. दुसरी गोष्ट, कोलिस्टिनच्या ओळीत ‘एस’ (औषध चालतं) नसून ‘आय’ (मधलं) छापलं असेल, तर घाबरू नका. अमेरिकेची सीएलएसआय ही संस्था जंतूच्या चाचण्यांची मापं ठरवते. तिने २०२० पासून कोलिस्टिनसाठी ‘एस’ हा रकानाच काढून टाकला. आता त्या औषधाला ‘आय’ मिळणं हाच चांगल्यात चांगला निकाल. रकाना काढला त्याचं कारण मात्र लक्षात घ्या: कोलिस्टिन चालतं, पण इतर चांगल्या औषधांइतकं चांगलं नाही.

कोलिस्टिन हे औषध १९४९ साली जपानमध्ये मातीतल्या एका जंतूपासून मिळालं. किडनीला आणि नसांना त्रास देतं म्हणून १९७० च्या दशकात डॉक्टरांनी ते बाजूला ठेवलं, माळ्यावर टाकलेल्या जुन्या भांड्यासारखं. दुसरं काही चालेना तेव्हा पंचवीस-तीस वर्षांनी पुन्हा खाली काढलं. ते जंतूच्या बाहेरच्या आवरणावर साबणासारखं काम करतं, आवरण विस्कटतं आणि जंतू फुटतो. त्रास असा, की ते किडनीच्या बारीक नलिकांतल्या पेशींमध्ये साचतं. किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन वाढतं, ते पुष्कळांचं वाढतं. बहुतेकांचं औषध थांबल्यावर हळूहळू उतरतं. तुमच्या वडिलांची किडनी लेप्टोने आधीच दुखावलेली आहे, त्यामुळे काही दिवस डायलिसिस लागू शकतं, हे आत्ताच मनात धरून ठेवा. तरी उत्तर ‘द्यायचं’ असंच आहे, दुसरं चालणारं औषध हाताशी नसेल तर. रक्तातला क्लेबसिएला आधी माणूस नेतो. किडनीला नंतरही वेळ देता येतो.

इथे एक विनंती. किडनीच्या भीतीने ‘डॉक्टर, जरा कमी डोस द्या’ असं म्हणू नका. पहिला डोस मोठाच, साधारण ९० लाख युनिटांचा द्यावा लागतो, किडनी खराब असली तरी, कारण नाहीतर रक्तात औषधाची पुरेशी पातळी यायलाच दोन-तीन दिवस जातात. नंतरचे डोस किडनी बघून ठरतात. विचारायचं असेल तर हे विचारा: पहिला मोठा डोस दिला का, आणि किडनीला त्रास देणारी दुसरी औषधं, वेदनाशामक गोळ्या, अमिकासिन, काँट्रास्टचा सीटी, हे आत्ता टाळता येईल का?

आणि त्याआधी विचारा की जंतूची कात्री कोणती ते तपासता येईल का. नवीन औषधं आहेत, सेफ्टाझिडिम-अविबॅक्टम हे त्यातलं आपल्याकडे मिळणारं. रोजचा खर्च हजारो रुपयांत जातो. नातेवाईक शेत गहाण ठेवून ते आणतात, मी बघितलं आहे, आणि पोटात तुटतं, कारण जंतूकडे एनडीएम कात्री असेल तर एकट्या त्या औषधाचा काही उपयोग नसतो. अविबॅक्टम इतर काही कात्र्या बोथट करतं, ही नाही. मग त्याच्या जोडीला अझ्ट्रिओनॅम द्यावं लागतं: एनडीएमला अझ्ट्रिओनॅम कापता येत नाही, आणि ज्या कात्र्यांना ते कापता येतं त्यांना अविबॅक्टम अडवतं. दोघं मिळून काम होतं, आणि किडनीला कोलिस्टिनपेक्षा सोसवतं. ती जोडी मिळत असेल आणि परवडत असेल, तर मी स्वतः माझ्या माणसाला कोलिस्टिनऐवजी तीच देईन. कात्री ओळखायची जनुक-चाचणी तासाभरात होते. क्षयाच्या निदानासाठी ठिकठिकाणी जे जीनएक्सपर्ट मशीन आहे त्याच मशीनवर, फक्त कार्ट्रिज वेगळी लागते. ती कार्ट्रिज प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी आयसीयूसाठी ठेवावी, यासाठी माझ्यासारखे बरेच जण वर्षानुवर्षं सांगत आहेत.

औषध किती दिवस? पूर्वी १४ दिवस हा ठोकताळा होता. २०२४ अखेरीस ‘बॅलन्स’ नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, साडेतीन हजारांवर रुग्ण, रक्तातला संसर्ग, निम्म्याहून अधिक आयसीयूतले. सात दिवसांचं औषध १४ दिवसांपेक्षा कमी पडलं नाही. त्या अभ्यासात इतके हट्टी जंतू थोडेच होते, म्हणून तुमचे डॉक्टर दहा-बारा दिवस म्हणाले तर त्यात चूक नाही. पण तीन-तीन आठवडे ‘असू दे सुरू’ असं चाललं असेल, तर का ते विचारा. कुठे गळू आहे का, शिरेत घातलेली नळी, म्हणजे लाइन, बदलली का?

लाइनवरून आठवलं. औषधाइतकीच मोठी गोष्ट म्हणजे नळ्या. घशातली नळी, मानेतली सेंट्रल लाइन, लघवीची नळी, नाकातली नळी: प्रत्येक नळी ही शरीराच्या बंद दारातली एक फट. देवगडच्या एका आजी होत्या, नवरा आत, त्या रोज संध्याकाळी मला एकच प्रश्न विचारायच्या, ‘डॉक्टर, नळी कधी काढतले?’ औषधाचं नाव नाही, बिल नाही, फक्त नळी. पहिले दोन दिवस मी जरा चिडायचे. मग लक्षात आलं की त्या विचारतात म्हणून मी रोज राउंडला स्वतःला विचारते आहे, आणि तो रुग्ण लघवीच्या नळीतून इतरांच्या आधी दोन दिवस मोकळा झाला. २००६ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या शंभरावर आयसीयूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी पाचच साध्या गोष्टी पाळल्या: हात धुणं, लाइन घालताना पूर्ण झाकलेला पेहराव, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने कातडी साफ करणं, जांघेतली लाइन शक्यतो टाळणं, आणि नको झालेली लाइन काढून टाकणं. दीड वर्षात लाइनचे संसर्ग दोन-तृतीयांशांनी घटले. नवं औषध एकही नव्हतं. तेव्हा तुम्हीही रोज विचारा: आज कोणती नळी काढता येईल? झोपेचं औषध आज थोडा वेळ बंद करून बघितलं का? डोक्याकडची बाजू ३० अंशांवर उचललेली आहे का, ते तर तुम्हाला काचेतूनही दिसेल.

कोकणापुरती एक वेगळी सूचना, कारण ती चुकली की जीव जातो. पावसाळा, शेतात चिखलात काम, मधुमेह, आणि रक्तात असा जंतू की ज्याला जेंटामायसिनही चालत नाही आणि कोलिस्टिनही नाही, रिपोर्टवर नुसतं ‘स्युडोमोनास प्रजाती’ लिहिलेलं. असं दिसलं तर तो हॉस्पिटलचा जंतू नसून मातीतला बर्खोल्डेरिया स्युडोमॅलाय असू शकतो, म्हणजे मेलिऑइडोसिस. आपल्या खालच्या अंगाला कर्नाटकच्या किनाऱ्यावर तो चांगला ओळखीचा आहे, आणि जंतूला तालुक्या-जिल्ह्याच्या हद्दी कळत नाहीत. त्याला कोलिस्टिन देणं म्हणजे पाणी देणं. सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम निदान दहा ते चौदा दिवस शिरेतून, मग तीन महिने कोट्रायमोक्झाझोलच्या गोळ्या. ‘रेझिस्टंट’ या एका शब्दाखाली दोन अगदी वेगळे आजार लपतात, तेव्हा प्रयोगशाळेला फोन करून हे सुचवायला डॉक्टरांनी संकोच करू नये. तुमच्या वडिलांचं तसं नाही, क्लेबसिएला स्पष्ट लिहिला आहे.

मुंबईला हलवायचं का? जंतूसाठी म्हणून हलवू नका. तिथल्या आयसीयूत हाच जंतू आहे, कदाचित जास्तच. व्हेंटिलेटरवरच्या माणसाला घाटातून किंवा महामार्गावरून सात-आठ तास नेणं हाच मोठा धोका. हलवायचं ते ठरावीक कारणांसाठी: डायलिसिस लागतंय आणि इथे मिळत नाही, ती औषधांची जोडी इथे मिळत नाही, किंवा कल्चरच इथे होत नाही. बऱ्याच ठिकाणी रक्ताच्या बाटल्या थर्माकोलच्या खोक्यातून बसने कोल्हापूरला जातात. त्या बाटल्या फ्रिजमध्ये ठेवायच्या नसतात, आणि पहिला अँटिबायोटिकचा डोस देण्याआधी, दोन वेगवेगळ्या जागांहून, प्रत्येक बाटलीत आठ-दहा मिली रक्त घ्यायचं असतं. एवढं होत असेल तर रिपोर्ट उशिरा आला तरी भरवशाचा येतो. डायलिसिससाठी जवळ कोल्हापूरला गेलात तर आंबा घाट चढावा लागतो, पण अंतर मुंबईपेक्षा पुष्कळ कमी आहे, तो विचार मुंबईआधी करा. आणि कुठेही नेलंत तरी रिपोर्टचा कागद तुमच्या खिशात असू द्या आणि पोचताच पहिल्या सिस्टरला सांगा की कार्बापेनेमला दाद न देणारा जंतू आहे. ते वेगळी खोली किंवा कडेची खाट देतील. हे लपवू नका. ‘सांगितलं तर घेणार नाहीत’ या भीतीने लोक लपवतात, मग शेजारच्या खाटेवरचा माणूस बळी पडतो.

घरी आल्यावरचंही आत्ताच सांगून ठेवते, कारण याचा त्रास मी पाहिला आहे. एका घरी वडील बरे होऊन आले, डिस्चार्ज कार्डावर ‘रेझिस्टंट’ लिहिलेलं वाचून मुलांनी त्यांची खाट पडवीत टाकली, ताट-तांब्या वेगळा केला, नातवंडांना जवळ जाऊ दिलं नाही. तीन महिन्यांनी ते फॉलोअपला आले तेव्हा माझ्यापुढे रडले. असं करायची काहीही गरज नाही. जंतू आतड्यात काही महिने राहू शकतो, पण धडधाकट माणसांना त्याने सहसा काही होत नाही. संडासनंतर आणि जेवणाआधी साबणाने हात धुणं, जखम असेल तर झाकणं, एवढं पुरे. नातवंडं मांडीवर बसू द्या. फक्त पुन्हा कधी दाखल करायची वेळ आली तर आधीचा रिपोर्ट दाखवा, म्हणजे डॉक्टर औषध त्याप्रमाणे निवडतील.

आता आई. सिस्टर अडवतात ते त्यांच्या परीने बरोबर करतात, त्यांच्यावर रागावू नका. गणपतीच्या दिवसांत मुंबईहून आलेली वीस-वीस माणसं एकामागून एक खाटेला हात लावून जातात, ते थांबवायलाच हवं. पण आईची गोष्ट वेगळी आहे, आणि इतके दिवस बेशुद्धीच्या कडेला असलेल्या माणसाला ओळखीचा हात आणि आवाज लागतो, हे मी मानते. युनिटच्या डॉक्टरांना माझ्या वतीने विचारा: दिवसातून एकदा, दहा मिनिटं, फक्त आई. बांगड्या कोपराकडे सरकवून, दारातल्या बाटलीतलं सॅनिटायझर घेऊन वीस सेकंद बोटांच्या बेचक्यांपर्यंत चोळायचं. अंगारा कागदाच्या पुडीत, बोटाच्या टोकावर येईल इतकाच, आणि लावायचा तो कपाळाला. मानेतल्या पट्टीजवळ आणि तोंडाच्या नळीजवळ हात न्यायचा नाही. तीर्थ तोंडात घालायचं नाही, ते बाहेर तुम्ही घ्या. मग पुन्हा हात चोळून बाहेर, आणि दुसऱ्या कुठल्या खाटेला हात न लावता.